फुकटचा बगळा

फुकट मिळालेली वस्तू घेण्याआधी देणाऱ्याकडे नीट बघावं, अशी आमच्या घरातली शिकवण आहे. आमचे हे, यज्ञेश्वरभट, काशीत दुर्गाघाटावर चाळीस वर्षं भिक्षुकी करत होते. दान घेणं हाच आमचा चरितार्थ, पण म्हणून समोर आलेलं सगळं दान ते घेत नसत. एकदा साडेसातीतल्या एका शेठजींनी नवी लोखंडी कढई, काळी छत्री आणि गोणीभर तीळ देऊ केले. यांनी दोन्ही हात जोडले आणि रिकामी पिशवी घेऊन घरी आले. ऐन श्रावणात घरात तेल संपलेलं, मी चिडले. तेव्हा म्हणाले, "दान म्हणजे नुसती वस्तू नसते गं. देणारा तिच्याबरोबर काहीतरी टाकून जातो. काय टाकतोय ते कळेपर्यंत हात पुढे करू नये." ती कढई मग गल्लीतल्या दुसऱ्या एकाने नेली. त्याचं पुढे काय झालं ते मी सांगत बसत नाही.

त्यामुळे नीलकंठ जेव्हा म्हणाला, "काकू, हे एकदम फ्री आहे, कायमचं फ्री," तेव्हा मी हात मागे घेतला.

पण नीलकंठाच्या आधी त्या हाताबद्दल सांगायला हवं.

आमच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. महाराष्ट्रातून श्राद्धासाठी येणारी मंडळी तिथे उतरतात. विधी ब्रह्माघाटाचे गुरुजी सांगतात, स्वयंपाक माझा. हे गेल्यानंतर वीस वर्षं मी हेच करते आहे. गेल्या मार्गशीर्षात सोलापूरच्या एका कुटुंबाला वरण वाढत होते. भाताच्या मुदीवर धार धरली. धार डावीकडे गेली, उजवीकडे गेली आणि शेवटी पानाच्या टोकाला मिठावर पडली. "अगंबाई, पळी निसटली," असं म्हणून मी ताजं मीठ वाढलं. पळी निसटली नव्हती. माझा उजवा हात कापत होता.

तेव्हापासून तो हात मी पदराखाली ठेवायला लागले.

माझा मुलगा अनिमेष बँकेत आहे. दीड वर्षापूर्वी त्याची नागपूरला बदली झाली. दर रविवारी तो फोनवर दिसतो आणि दर रविवारी म्हणतो, "आई, आता बनारस पुरे झालं. इकडे या." मी म्हणते, "हातपाय चालतायत तोवर इथेच." आमच्यातला करारच आहे तो. आता हातानेच करार मोडायचं ठरवलं, तर मी नागपुरात कुठल्या घाटावर जाऊन बसू? तिथे मला कोण ओळखतं? इथे मी गल्लीतून गेले की लस्सीवाला सुद्धा गाय बाजूला करतो.

सून इथेच असते, माझ्याजवळ. ऋता तिचं नाव. विश्वविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरी करते. नवरा तिकडे, ती इकडे. आता कुठल्या बाईला असं राहायला आवडेल? माझा हात कापतो हे तिला कळलं, की त्याच दिवशी अनिमेषला कळणार. घराला कुलूप लागणार आणि तिला नवऱ्याजवळ जायला मिळणार. म्हणून माझी नजर तिच्यावर होती.

आणि तिची लक्षणं बरी नव्हती. पौषापासून चहा गाळायचं काम तिने माझ्याकडून काढून घेतलं. "आई, मी ओतते, मला कडक लागतो." आधी कधी लागत नव्हता. मग एक दिवस जाड लाकडी मुठीची वजनदार पळी घेऊन आली. "लायब्ररीतल्या मालविकाने दिली, तिच्याकडे दोन होत्या." फुकटची पळी! मी ती पंधरा दिवस फडताळात ठेवली. मग आमची जुनी हलकी पळी कुठे दिसेनाशी झाली. विचारलं तर म्हणते, "कामवालीने कुठे ठेवली असेल." नाइलाजाने नवी वापरायला काढली. मग पातळ स्टीलच्या वाट्या गेल्या, जड बुडाच्या आल्या. मला स्वच्छ दिसत होतं की स्वयंपाकघर माझ्या हातून इंचाइंचाने काढून घेतलं जातंय. सासू हलवायची तर आधी भांडी हलवावीत, हे कुणीही सांगेल.

घरात एक लॅपटॉप आहे. ऋताचाच, पण दिवसा तो माझ्या ताब्यात असतो. खोल्यांसाठी लोकांची पत्रं येतात ती मी त्यात बघते, तिथी बघते, कीर्तन ऐकते. अक्षरं मी पन्नाशीनंतर शिकले. उशिरा शिकलेल्या माणसाला एकही ओळ सोडवत नाही. साबणाच्या वेष्टनावरचं सुद्धा मी शेवटपर्यंत वाचते.

चैत्रात मी धीर केला आणि हाताबद्दल त्यात विचारायचं ठरवलं. पण आधी नीलकंठाकडे गेले. हा ब्रह्माघाटाच्या गुरुजींचा मुलगा. पूजा सांगायचं सोडून गल्लीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान काढून बसलाय. दुकानात तो आणि एक खुर्ची मावते, गिऱ्हाईक पायरीवर.

मी म्हटलं, "नीलकंठा, काही विचारायचं असेल आणि घरात कुणाला कळू द्यायचं नसेल तर?"

"काय काकू, दुसरं लग्न?"

"तुझ्या बापाला विचारून सांगते."

तो हसला आणि त्याने मला एक काळी खिडकी दाखवली. खासगी खिडकी. तिच्यात काही विचारलं तर मागे काही उरत नाही म्हणाला. मी घरी येऊन काळी खिडकी उघडली, डाव्या हाताने एक एक अक्षर शोधून लिहिलं, उत्तर वाचलं आणि खिडकी लावून टाकली. उत्तरात दहा कारणं होती. नववं वाचून मी उठलेच.

मग आठ दिवसांत सुरू झालं. मी तिथी बघायला जावं तर तिथीच्या शेजारी एक चमचा. जाड मुठीचा. खाली लिहिलेलं, "हाथ काँपते हैं? अब कुछ नहीं गिरेगा." मी पान बंद केलं. कीर्तन लावलं तर बुवांच्या खाली दोन कानांचा कप. आणि एका दुपारी, नाव घेतलं तरी अंगावर काटा येतो, "नागपुरात ज्येष्ठांसाठी तळमजल्यावरची घरं."

नागपूर हा शब्द मी त्यात कधीच लिहिला नव्हता.

म्हणजे हे यंत्र रविवारचे फोन ऐकत होतं. हात त्याला माझ्या लिहिण्यातून कळला, नागपूर अनिमेषच्या बोलण्यातून, आणि त्याने दोन्हीची गाठ मारली. आणि हे सगळं संध्याकाळी ऋतासमोरही येत असणार. ती याच पडद्यावर बसते.

लॅपटॉप कापडी पिशवीत घालून मी पुन्हा त्या पायरीवर बसले.

"तू तर म्हणालास मागे काही उरत नाही."

नीलकंठ डोकं खाजवत म्हणाला, "काकू, खासगी म्हणजे घरच्यांपासून खासगी. दुकानदारापासून थोडंच? तुमचा हा ब्राउझर आहे ना, म्हणजे ज्या दारातून तुम्ही इंटरनेटवर जाता ते दार, ते कंपनीचं आहे. दारावर कंपनीचा माणूस बसलाय. काकू कधी बाहेर गेल्या, कुठल्या दुकानात डोकावल्या, सगळं टिपून घेतो आणि दुकानदारांना विकतो."

"मग?"

"दार बदला. माझ्याकडे एक आहे. त्याच्यावर कुणी बसलेलं नाही. एकदम फ्री आहे, कायमचं फ्री."

तेव्हा मी हात मागे घेतला, ते हेच.

"कुणाचं आहे हे दार?"

"कुणाचंच नाही. जगभरच्या लोकांनी मिळून केलंय. कसं केलं ते पण उघडं ठेवलंय, कुणीही वाचून बघावं. ओपन सोर्स म्हणतात. उघडी पोथी समजा ना."

"तू वाचलीस?"

"मी कशाला वाचू? लाखो ओळी आहेत."

"मग कुणी वाचली?"

"कुणी ना कुणी वाचतंच की."

"गल्लीतलं सार्वजनिक नळकोंडाळं असंच असतं नीलकंठा. सगळ्यांना वाटतं, आज दुसऱ्याने घासलं."

"काकू, तुम्ही पण ना! अहो, चांगले लोक आहेत."

"जेवतात काय?"

"कोण?"

"ते चांगले लोक. फुकट देतात तर जेवतात काय?"

"काही नोकरी करतात, फावल्या वेळात हे. आणि लोक दान देतात त्यांना."

"म्हणजे दानावर जगणारे. आमच्यासारखे."

"हां! बघा, आपलेच लोक झाले."

"आपल्या लोकांना मी ओळखते, म्हणून तर विचारते आहे."

त्याने पडदा माझ्याकडे वळवला. चित्रात लांब पायांचा पांढरा पक्षी एका पायावर उभा.

"हा काय? टिटवी?"

"टिटवी कशी असेल? बगळा आहे."

"बगळा! अरे, बगळ्याचं ध्यान कुणाला माहीत नाही? डोळे मिटून उभा राहतो आणि मासा आला की मटकावतो. नाव ठेवायला दुसरा पक्षी मिळाला नाही त्यांना?"

"काकू, टेन्शन मत लो. मी यात टाकून ठेवतो. मन झालं तर यावर दोनदा दाबा, नाही झालं तर राहू दे पडून. ठीक?"

बगळा आठ दिवस पडद्याच्या कोपऱ्यात एका पायावर उभा राहिला. मी त्याच्याकडे बघायची, तो माझ्याकडे.

नवव्या दिवशी रविवार होता. अनिमेषचा फोन येऊन गेला होता, कराराची उजळणी झाली होती. मी दुपारची झोप काढून बाहेर आले तर ऋता लॅपटॉपशी बसलेली. माझी चाहूल लागली आणि तिने झाकण खाली केलं. हळूच, पण केलं.

"काय बघत होतीस?"

"काही नाही आई. लायब्ररीचं."

लायब्ररीचं असतं तर झाकण कशाला पाडायला हवं होतं? चमचा दिसला असणार तिला, नाहीतर तळमजला. आता उशीर करण्यात अर्थ नव्हता. दानाचं काय ते नंतर बघू, आधी त्या दारावरच्या माणसाला घालवायला हवं.

सोमवारी ती कामावर गेल्यावर मी दार लावून घेतलं, देवापुढे निरांजन लावलं आणि बगळ्यावर दोनदा दाबलं.

आधी अटी आल्या. नीलकंठ म्हणाला होता, त्या कुणी वाचत नाही, खाली जाऊन 'मंजूर' दाबायचं. मी वाचल्या. हिंदीत होत्या. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या, मध्ये कुकर उतरवून आले आणि जिथे बोट ठेवलं होतं तिथून पुढे वाचल्या. या वस्तूची आम्ही कुठलीही हमी देत नाही, असं त्यांनी एका ठिकाणी स्वच्छ लिहिलं होतं. ते मात्र मला आवडलं. हमी देणाऱ्यांनी मला आयुष्यात जास्त फसवलंय. दोन ठिकाणी शंका आल्या त्या वहीत उतरवून घेतल्या, नीलकंठाला विचारायला. मग 'मंजूर' दाबलं.

पुढच्या पानावर एक प्रश्न होता. तुमच्या जुन्या ब्राउझरमधलं सामान इकडे आणायचं का? खाली दोन चौकोन. एकावर 'सब ले आएँ', दुसऱ्यावर 'ख़ाली शुरू करें'.

इतका वेळ मी एकेका शब्दापाशी थांबत होते. इथे मात्र क्षणभरही थांबले नाही. माझ्या सासूबाई लग्न होऊन काशीत आल्या तेव्हा माहेरचं विरजण घेऊन आल्या. त्यानंतर आम्ही तीन बिऱ्हाडं बदलली. दर वेळी पहिलं काय जायचं तर देव, मीठ आणि विरजणाची वाटी. रिकाम्या घरात रिकाम्या हाताने शिरायचं नाही आणि जुन्या घरात आपलं काही सोडायचं नाही, कुणी त्याचं काय करेल सांगता येत नाही. त्या दारावरच्या माणसाजवळ माझं सामान सोडून जाऊ? मी 'सब ले आएँ' दाबलं.

बगळ्याने पाय बदलला. निदान मला तसं वाटलं. मग त्याचं घर उघडलं. पांढरं स्वच्छ पान, चमचा नाही, कप नाही. मी पदराने घाम पुसला. आणि मग खाली लिहिलेलं दिसलं. 'हाल में देखा गया.' अलीकडे पाहिलेलं. त्याच्याखाली ओळींमागे ओळी, प्रत्येकीपुढे तारीख.

मी आधी माझी ओळ शोधली. काळ्या खिडकीतली. ती नव्हती. दोनदा बघितलं, नव्हती. नीलकंठ खोटं बोलला नव्हता.

पण दुसऱ्या होत्या.

'बुज़ुर्गों का हाथ काँपना कारण.' तारीख जानेवारीची. मी स्वतः विचारण्याच्या तीन महिने आधीची. त्याच्याखाली, 'हाथ काँपने पर भारी चम्मच.' 'वजनदार पळी लाकडी मूठ.' 'जड बुडाच्या वाट्या.' 'दो हैंडल वाला कप', आणि तो कप तिने पाच वेळा उघडून बघितला होता, पण घेतला नव्हता. 'बुज़ुर्ग को बुरा न लगे कैसे बताएँ.'

ही ओळ मी तीनदा वाचली.

मी उठून स्वयंपाकघरात गेले. ती पळी फळीवर होती. हातात धरली. हात कापत होता, पण पळी फारशी हलत नव्हती. वजनाने जागच्या जागी राहत होती. तीन महिने मी तिने वरण वाढत होते, आणि तीन महिन्यांत मिठावर धार गेली नव्हती. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मालविकाने दिली म्हणे! दोन होत्या म्हणे!

तो चमचा, तो कप, काही माझ्यामागे लागलं नव्हतं. ते सगळं तिच्यामागे लागलेलं होतं. यंत्राने माझं काहीच फोडलं नव्हतं. तिचं फोडलं होतं.

मी परत येऊन बसले. डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं, पण यादी अजून संपली नव्हती आणि मी ओळ सोडत नाही. पुढची तारीख मार्चची, होळीनंतरची. 'नागपूर फ्लॅट भाड्याने.' 'नागपूर तळमजला दोन खोल्या.' 'नागपूर तळमजला, देऊळ जवळ.' आणि काल दुपारची, 'नागपूर तळमजला लगेच राहायला.'

पाणी आलं तसं आटलं.

म्हणजे दोन्ही हातांनी चाललं होतं. एका हाताने पळी द्यायची, दुसऱ्या हाताने घर शोधायचं. हे म्हणायचे ते बरोबर होतं. पळीबरोबर काय टाकलं होतं ते आता दिसलं. नागपूर टाकलं होतं.

ती साडेपाचला आली. ओढणीने वारा घेत खुर्चीत बसली. मी पाणी दिलं, डाव्या हाताने.

"ऋता, नागपूरला घर मिळालं का?"

पेला तोंडाशी नेलेला तसाच राहिला.

"तुम्हाला कुणी सांगितलं? अनिमेषने?"

"बगळ्याने."

"कोणी?"

मी लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला. तिने वाचलं. खालीवर केलं. तिचा चेहरा लाल झाला, मग पांढरा.

"आई, तुम्ही माझं सगळं वाचलंत?"

"मी काही वाचायला गेले नव्हते. सामान आणायचं का विचारलं, मी आणा म्हटलं. त्यात तुझं निघालं."

"सामान आणा म्हटलंत?" तिला हसू येत होतं की रडू, कळेना. "कोण आणतं सगळं?"

"मुद्द्याचं बोल. हाताचं त्याला कळलंय?"

"होळीला व्हिडिओ कॉलवर तुम्ही तळलेल्या गुजिया दाखवत होतात. ताटलीच हलत होती, आई. त्याने दुसऱ्या दिवशी मला ऑफिसात फोन केला. म्हणाला, आईला सांगू नकोस, तू घर बघ, तळमजल्याचं, मी ठरवतो आणि येऊन घेऊन जातो."

"आणि तू बघितलंस."

"बघितलं. दर आठवड्याला बघते. त्याला दोन-दोन पाठवते."

"कुठे आहेत?"

तिने फोन काढला, पुढे धरला. मी चष्मा लावला. अनिमेषला पाठवलेली घरं. पहिलं तिसऱ्या मजल्यावर. दुसरं चौथ्या. तिसरं तिसऱ्या. प्रत्येकाखाली लिहिलेलं, लिफ्ट नाही. आणि अनिमेषची उत्तरं. 'अगं, हे कसं चालेल?' 'तळमजला मिळतच नाही का तुला?' आणि तिचं, 'शोधतेय रे.'

मी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं.

"तळमजल्याची तर इतकी सापडली आहेत यात."

"सापडली ना. ती मी नीट बघून घेते. म्हणजे त्याने स्वतः शोधली तर त्यात काय खोड काढायची ते आधीच माहीत असतं. एकाला ओल आहे. एकाच्या समोर बँडवाले राहतात."

"आणि हे तू माझ्यासाठी केलंस."

ती म्हणाली, "खोटं नाही सांगत आई. तुम्ही गेलात तर मला पण जावं लागेल. अकरा वर्षांनी माझी नोकरी पक्की झाली आहे. तिथे जाऊन मी काय करू? त्याच्या डब्याला पोळ्या?"

"म्हणजे माझ्यासाठी नाही, स्वतःसाठी."

"अर्धं अर्धं."

"मोठं अर्धं कुठलं?"

"आता हे पण तपासणार?"

खरं सांगायचं तर ती नुसतं 'तुमच्यासाठी' म्हणाली असती तर माझा विश्वास बसला नसता. तिचाही यात काही फायदा आहे, हे कळल्यावर मला जरा बरं वाटलं.

"ती पळी," मी म्हटलं, "मालविकाची नाही ना?"

"नाही. विकत आणली."

"आणि आमची जुनी?"

"माझ्या कपाटात आहे. साड्यांखाली."

"चोर कुठली."

"आई, डॉक्टरकडे चला. परवाची वेळ घेऊन ठेवते. इतकं केलंत तर मी तिसरे मजले शोधत राहते. नाही आलात तर उद्या तो ओलवाला तळमजला पाठवते. बँडवाल्यांसकट."

"धमकी देतेस सासूला?"

"हो."

मी उठले. चहाचं आधण ठेवलं, आणि झाल्यावर गाळायला मीच घेतला. पदर खांद्यावर टाकला होता, हात उघडाच होता. दोन कप भरले आणि बशीत बराचसा सांडला. ऋता जागची उठली नाही. बशीतला चहा तिने कपात ओतून घेतला आणि प्यायली. मला विचारलं तर पाणीच झालं होतं त्याचं, कडक वगैरे काही नव्हता.

डॉक्टरांनी मला रेघा ओढायला लावल्या, चालायला लावलं, पेल्यात पाणी ओतायला लावलं. ते म्हणाले ते माझ्या यादीतलं नववं कारण नव्हतं, दुसऱ्या क्रमांकाचं होतं. सकाळ-संध्याकाळ अर्धी गोळी दिली. कापणं थांबलं नाही, कमी झालं. पानं आता ऋता वाढते, सुट्टीच्या दिवशी. मी पाटावर बसून सांगते. वरण मात्र त्या पळीने मीच वाढते.

बगळ्यावर माझा अजूनही पूर्ण विश्वास नाही. वहीतल्या दोन शंकांपैकी एकीचं उत्तर नीलकंठाला अजून देता आलेलं नाही. दिसला की मी विचारते, "वाचली का कुणी ती पोथी?" आणि तो दुकानातूनच हात जोडतो. पण घरात आता तोच उघडतो आम्ही, दोघीही.

गणपतीला अनिमेष आला. पुढे पितृपक्ष, वरच्या दोन्ही खोल्या लोकांनी आधीच सांगून ठेवलेल्या. आरती झाल्यावर तो पानावर बसला आणि म्हणाला, "ऋता, तो लॅपटॉप दे. मी स्वतःच बघतो घरं. तुला काही जमत नाहीये."

ऋताने माझ्याकडे बघितलं नाही. मीही तिच्याकडे बघितलं नाही. तो येणार म्हणून आम्ही दोघींनी आदल्या दिवशी दुपारभर बसून, जुन्या ओळी पुसून तयारी केली होती.

त्याने झाकण उघडलं. बगळा एका पायावर उभा होता. खाली 'हाल में देखा गया' आणि त्याखाली ओळींमागे ओळी. तिसरा मजला. चौथा मजला. तिसरा मजला, लिफ्ट बंद. पाचवा मजला, देऊळ लांब. 'नागपुरात ज्येष्ठांना उन्हाळ्याचा त्रास.' 'बनारसमध्ये चांगले न्यूरोलॉजिस्ट.' ही शेवटची माझी होती, एका हाताने लिहिलेली.

तो बराच वेळ खालीवर करत राहिला. मग मान वर करून म्हणाला, "आई, अख्ख्या नागपुरात एकही तळमजला नाही?"

"मला काय विचारतोस बाबा? मला यातलं कुठे काय कळतं?"

त्याने आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा त्या पक्ष्याकडे. "हा कुठला ब्राउझर आहे? कुणी टाकला यात?"

"फ्री आहे," मी म्हटलं आणि त्याच्या पानात वरण वाढलं. धार जरा हलली, पण मिठापासून चार बोटं लांब राहिली. ते त्याने बघितलं. पळीकडेही बघितलं. मग पुढे काही न विचारता त्याने भात कालवला.